ओव्हरलॉक मशीनच्या कुरबुरी: टेन्शनची बटणे फिरवण्याआधी या चुका टाळा

घरगुती ओव्हरलॉक मशीन, ज्याला कोणी सर्जर म्हणते तर कोणी सरसकट ‘इंटरलॉक’, एकाच फेरीत कापडाची कड कापते, ती दोऱ्यांत बांधून घेते आणि गरज असेल तर दोन पदरही जोडते. येथे बॉबिन नसते. वरचा आणि खालचा असे दोन लूपर (दोरा गुंफणारे आकडे) आणि एक किंवा दोन सुया मिळून टाका घालतात, आणि तो मिनिटाला हजाराहून अधिक वेळा घातला जातो. तीन किंवा चार दोरे आपापल्या वाटांनी येऊन एकमेकांत गुंफले जात असल्यामुळे एक जरी दोरा चुकला तरी सगळी शिवण बिघडल्यासारखी दिसते, आणि समोर टेन्शनची, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारी, चार बटणे मांडून ठेवलेली असल्यामुळे आपला हात आपोआप तिकडे जातो. पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

मी स्वतः एकदा संपूर्ण संध्याकाळ या बटणांवर घालवली आहे. शिवणीच्या खालच्या बाजूला डाव्या सुईच्या दोऱ्याची लांब, लोंबती वेटोळी येत होती. मी ते बटण चारवरून पाचवर, सहावर, शेवटी आठवर नेले, तरी वेटोळी तशीच राहिली आणि मध्ये उगाच लूपरची बटणेही हलवून ठेवली. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिले तेव्हा कळले की तो दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये बसलाच नव्हता, तो नुसता चकत्यांच्या कडेवर टेकलेला होता. चकत्या दोऱ्याला चिमटीत धरत नसतील तर बटण कितीही घट्ट केले तरी दोऱ्यावर ताण येणार कुठून? तेव्हापासून मी एक क्रम पाळते: आधी दोरे काढून पुन्हा ओवायचे, मग सुया बदलायच्या, मग कापसाचे तंतू झाडायचे, आणि एवढे करूनही टाका सुधारला नाही तरच बटणांना हात लावायचा. या क्रमात बटणांपर्यंत पोहोचण्याची वेळ फार क्वचित येते.

ओवण्यातील चुका

दोरा चकत्यांत नीट बसावा यासाठी ओवताना प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेला असावा, कारण बहुतेक मशीनांत फूट वर असताना चकत्या उघड्या राहतात. काही जुन्या मशीनांत फूट उचलूनही चकत्या सुटत नाहीत; तेथे बटण शून्यावर आणून ओवावे आणि मग मूळ आकड्यावर परतावे. दोरा चकत्यांच्या वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून, दातांत दोरा फिरवावा तसा मागे-पुढे ओढला की तो आत घसरतो. खात्रीसाठी फूट खाली करून दोरा हलकेच ओढून पाहावा. हाताला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. दोरा सरसर आला तर तो चकत्यांबाहेर आहे असे समजावे.

दुसरी चूक क्रमाची. बहुतेक मशीनांत आधी वरचा लूपर, मग खालचा लूपर, मग उजवी सुई आणि सर्वांत शेवटी डावी सुई असा क्रम असतो, आणि तो केवळ सोयीसाठी नसतो. खालच्या लूपरचा दोरा तुटल्यावर अनेकजण घाईने फक्त तेवढाच पुन्हा ओवतात, शिवायला लागतात, आणि दोन-तीन टाक्यांत तो पुन्हा तुटतो. पुन्हा ओवला की पुन्हा तुटतो. याचे कारण असे की सुयांच्या दोऱ्यांचे फास त्या लूपरभोवती आधीच पडलेले असतात, आणि नवा दोरा त्या फासांच्या चुकीच्या बाजूने जाऊन अडकतो. म्हणून खालच्या लूपरचा दोरा तुटला तर प्रथम दोन्ही सुयांचे दोरे नेढ्यातून काढून घ्यावेत, प्लेटखाली राहिलेले त्यांचे तुकडे चिमट्याने ओढून टाकावेत, खालचा लूपर ओवावा आणि त्यानंतरच सुया ओवाव्यात. हे काम पाच मिनिटांचे आहे. ते टाळल्यामुळे जाणारा तास मात्र परत येत नाही.

खालच्या लूपरच्या वाटेवर डावीकडे, पुढचे झाकण उघडल्यावरही नजरेला सहज न दिसणारी एक आकडी असते. ओवताना ती सुटली की टाक्यांची साखळीच तयार होत नाही, आणि मशीन पूर्ण बिघडले असा समज होतो. हातचाक फिरवून लूपर उजवीकडे आणला तर ही जागा मोकळी होते. चाक कोणत्या दिशेने फिरवायचे हे त्याच्यावरील बाणावरून पाहावे, कारण सर्व मशीनांत ती दिशा एक नसते.

मागील बाजूची दोऱ्याची दांडी, जी रेडिओच्या एरियलसारखी एकात एक सरकते, ती पूर्ण उंच केलेली नसेल किंवा तिच्या आकड्या दोऱ्याच्या कोनांच्या, म्हणजे शंकूसारख्या मोठ्या रिळांच्या, बरोबर वर आलेल्या नसतील, तर दोरा कोनाच्या कडेला घासून अडखळतो आणि शिवण मधूनच आवळली जाते. शिवणकामाचे साधे रीळ लावले असेल तर त्यावर टोपी बसवावी, नाहीतर दोरा रिळाच्या खाचेत अडकतो. आणि रेशमासारखा निसरडा दोरा असेल तर कोनावर जाळी चढवावी म्हणजे दोऱ्याची वेटोळी खाली घसरून गुंतत नाहीत.

रंग बदलताना जुन्या दोऱ्याला नवा दोरा गाठ मारून ओढून घेण्याची युक्ती चांगली आहे, पण गाठ लूपरच्या छिद्रातून जाते म्हणून ती सुईच्या नेढ्यातूनही जाईल असे धरून चालू नये. सुईपाशी पोहोचण्याआधी गाठ कापावी आणि सुई हाताने ओवावी. नाहीतर नेढ्यापाशी अडकलेली गाठ सुईच वाकवते.

सुई: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग

टाके सुटत असतील, म्हणजे शिवणीत मध्येच एखादा टाका गायब असेल, तर दोष जवळजवळ नेहमी सुईचा असतो. घरगुती ओव्हरलॉक मशीन दोन प्रकारच्या सुया मागते: काहींना साध्या शिलाई मशीनची १३०/७०५ एच ही सुई चालते, तर काहींना ईएलएक्स ७०५ ही सुई लागते, जिच्या पुढे आणि मागे अशा दोन्ही बाजूंना खाच असते. मशीनवर किंवा माहितीपुस्तिकेत जो प्रकार छापलेला असतो तोच वापरावा. सुई खोबणीत बसली म्हणजे चालली असे नाही, तिची लांबी आणि लूपर जेथे येतो तेथला तिचा खोलगट भागही जुळला पाहिजे. जाडीच्या बाबतीत ८०/१२ आणि ९०/१४ या दोन आकारांत घरातले बहुतेक काम होते, आणि त्याहून जाड सुई अनेक मशीनांत लूपरवर आदळू शकते. ताणल्या जाणाऱ्या निटेड कापडासाठी बोथट गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई घ्यावी.

सुई बसवताना तिची सपाट बाजू मागे, टोक थेट खाली, आणि वरचा भाग अगदी तळापर्यंत ढकललेला असावा. दोन सुया लावल्यावर अनेक मशीनांत डावी सुई उजवीपेक्षा किंचित वर दिसते. ही रचनाच तशी असते, आणि दोघी एका रेषेत आणण्यासाठी उजवी सुई वर-खाली करण्याचा मोह झाला तर तो आवरावा. स्क्रू घट्ट करताना मात्र हात आवरून चालत नाही, कारण ढिली सुई धावत्या मशीनमध्ये खाली घसरते. सुई वाकली आहे की नाही हे पाहण्यासाठी तिची सपाट बाजू काचेवर टेकवून खालची फट पाहावी: फट सुईच्या लांबीभर एकसारखी न राहता कमी-जास्त झाली किंवा सुई एका अंगाला कलली तर सुई बाद समजावी.

टाका वाचायला शिका

आता बटणांकडे. त्यांना हात लावण्यापूर्वी चारही दोरे वेगवेगळ्या रंगांचे लावून, शिवायच्या कापडाच्याच तुकड्यावर थोडी शिवण घालावी आणि ती डोळ्यांजवळ धरून पाहावी. वरच्या बाजूला दिसणारी जाळी वरच्या लूपरची, खालच्या बाजूची खालच्या लूपरची, आणि त्या दोघींनी कापडाच्या काठावर, बरोबर धारेवर, एकमेकींना भेटले पाहिजे. वरच्या लूपरचा रंग काठावरून वळसा घालून खालच्या बाजूला दिसू लागला तर वरचा लूपर सैल आहे किंवा खालचा फार घट्ट आहे. खालच्या लूपरचा रंग वर आला तर याच्या उलट. दोन्ही जाळ्या काठापलीकडे लोंबत असतील तर दोन्ही सैल आहेत, आणि काठ टाक्याच्या आत वळून सुरळी झाली असेल तर दोन्ही घट्ट आहेत किंवा कापण्याची रुंदी टाक्याच्या मानाने जास्त आहे.

सुईच्या दोऱ्याची परीक्षा निराळी आहे. शिवलेले दोन पदर उघडून शिवण ताणावी. कापडाच्या सुलट बाजूने शिडीच्या पायऱ्यांसारखे दोरे दिसले तर डाव्या सुईचा ताण कमी आहे, आणि कापडाला चुण्या पडत असतील तर तो जास्त आहे. एका वेळी एकच बटण, तेही अर्ध्या आकड्याने फिरवावे, पुन्हा शिवावे, पुन्हा पाहावे. शून्य ते नऊ आकडे असलेल्या मशीनवर साधारण कापडाचे काम तीन ते पाच यांच्या दरम्यान होते. एखादे बटण सात-आठवर नेल्याशिवाय टाका जमत नसेल तर दोष बटणाचा नाही, ओवण्याचा आहे. जमलेले आकडे तो नमुना चिकटवून वहीत लिहून ठेवावेत. वहीची ही सवय जरा वेडगळ वाटते, पण पुढच्या वेळी तेच कापड आले की तिचे मोल कळते.

कड, लहरी आणि चुण्या

निटेड कापडाची शिवण पाण्याच्या लाटांसारखी झाली की लोक पुन्हा टेन्शनलाच दोष देतात, पण येथे अपराधी असते कापड सरकवण्याची पद्धत. ओव्हरलॉक मशीनमध्ये कापड ओढणाऱ्या दात्यांचे पुढचा आणि मागचा असे दोन संच असतात, आणि डिफरन्शियल फीडचे बटण त्यांच्या गतीतला फरक ठरवते. बटण १ वर असताना दोन्ही संच सारखे चालतात. दीडकडे किंवा दोनकडे नेले की पुढचा संच मागच्यापेक्षा जास्त कापड आत ढकलतो आणि ताणलेली कड पुन्हा आखडते. तलम, मागावर विणलेल्या कापडाला चुण्या पडत असतील तर उलट ०.७ च्या दिशेने जावे. प्रेसर फूटचा दाब कमी केल्यानेही लहरी कमी होतात. मात्र कापड मागून ओढत शिवत असाल तर कोणतेही बटण कामाचे नाही; हातांनी फक्त दिशा द्यावी.

कड फाटल्यासारखी, दातेरी कापली जात असेल तर सुरी पाहावी. दोन सुऱ्यांपैकी वर-खाली हलणारी बहुधा अधिक कठीण धातूची असते आणि फार काळ टिकते; स्थिर असलेली खालची सुरी आधी बोथट होते आणि तीच आधी बदलावी लागते. नवी बसवताना तिची धार प्लेटच्या पातळीला आणावी. टाचण्या सुरीच्या वाटेत कधीही येऊ देऊ नयेत. त्या काठापासून दूर, शिवणीला समांतर लावाव्यात किंवा चिमटे वापरावेत.

रोल हेम, म्हणजे कड बारीक गुंडाळून घेणारी शिवण, करून झाल्यावर टाका विचित्र येऊ लागला तर बहुधा स्टिच फिंगर परत जागेवर आणलेली नसते. ही बारीक धातूची जीभ, जिच्यावर टाका तयार होतो, रोल हेमसाठी काढून किंवा मागे सरकवून ठेवतात, आणि नंतर ती तशीच विसरली जाते. मग साधी कडही आत गुंडाळली जाते.

गुंता झाला तर

मशीन अडकले की पेडल दाबून रेटू नये. वीज बंद करावी, फूट उचलावा, सुयांचे दोरे नेढ्यापाशी कापावेत, हातचाकाने सुया सर्वांत वर आणाव्यात आणि मग कापड हळूहळू मागे ओढावे. लूपरवर गुंडाळलेला दोरा कात्रीच्या बारीक टोकाने कापून चिमट्याने तुकड्यातुकड्याने काढावा. पेडल दाबूनही काहीच होत नसेल, तर आधी पुढचे झाकण नीट बंद आहे का ते पाहावे, कारण अनेक मशीनांत ते उघडे असताना मोटर चालत नाही.

सुरी सतत कापड कापत असल्यामुळे या मशीनमध्ये तंतू फार साचतात, म्हणून प्रत्येक मोठ्या कामानंतर ते ब्रशने बाहेर काढावेत. फुंकर किंवा दाबाखालची हवा वापरू नये. ती तंतू बाहेर काढण्याऐवजी आतल्या दात्यांमध्ये लोटते. तेल माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागीच, थेंबभर आणि शिलाई मशीनचेच घालावे, आणि नंतर टाकाऊ चिंधीवर थोडे शिवून जादा तेल निघू द्यावे.

नवी सुई लावली, सगळे पुन्हा ओवले, सफाई केली आणि तरीही टाके सुटतात, किंवा हातचाक सावकाश फिरवताना एका ठरावीक जागी धातूवर धातू घासल्याची बारीक ‘टिक’ ऐकू येते, तर लूपर आणि सुई यांचा मेळ हुकला आहे. टाचणीवरून शिवल्यानंतर किंवा सुई तुटल्यानंतर हे बहुतेक वेळा घडते. लूपरचे टोक सुईपासून केसाएवढ्या अंतरावरून जावे लागते आणि ते अंतर घरच्या स्क्रूड्रायव्हरने बसवता येत नाही. त्यामुळे तेथे हात थांबवावा, मशीन कारागिराकडे न्यावे, आणि सोबत बिघडलेल्या शिवणीचा रंगीत दोऱ्यांचा नमुनाही द्यावा.