पेठेतला वाडा कार्यालयासाठी दुरुस्त करताना

पुण्याच्या कसबा, शनिवार, सदाशिव अशा पेठांत अजून उभा असलेला एखादा वाडा कार्यालयासाठी घ्यायचा असेल, तर टेबलांचा आराखडा काढण्याआधी पाणी कुठे मुरते आणि लाकूड किती शाबूत आहे, हे पाहावे. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत कोणत्या श्रेणीत आहे, याचीही चौकशी सुरुवातीलाच करावी, कारण कोणते बदल करता येतील हे त्या श्रेणीवर ठरते.

पाहणीला पावसाळ्यासारखा काळ नाही. खांबांचा मधला भाग बहुधा ठणठणीत असतो. कुजतात ती तुळयांची भिंतीत गेलेली टोके, कारण तिथे ओल येते आणि हवा लागत नाही. एका वाड्यात तेलरंगाचे थरावर थर चढलेल्या तुळईला मी भिंतीलगत स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. चार हातांवर तीच तुळई खिळा घेत नव्हती. अशा वेळी अख्खी तुळई काढणे हा उधळेपणा आहे. खालून भक्कम टेकू देऊन कुजका भाग तेवढा कापावा आणि मुरलेल्या जुन्या सागवानाचा तुकडा सांधा काढून, स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी जोडावा. सांध्याची लांबी आणि बोल्टांची जाडी मात्र संरचना अभियंत्यानेच ठरवावी.

वजनाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीसाठी प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन (सुमारे २०० किलो वजनाइतका) भार धरतात, तर कार्यालयासाठी किमान २.५, दप्तरे ठेवायला वेगळी जागा नसेल, तर ४. कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांवर, मात्र आधीच मातीचा थर, त्यावर कोबा, त्यावर फरशी असे ओझे पिढ्यान्‌पिढ्या चढलेले असते. हे नंतरचे थर हलक्या हाताने काढले, तर कड्यांवरचा भार पुष्कळ कमी होतो. कागदपत्रांची कपाटे आणि बॅटऱ्या तरीही तळमजल्यावरच ठेवाव्यात.

विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, म्हणजे न भाजलेल्या ठोकळ्यांच्या, भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये, याबाबत मी आग्रही आहे. सिमेंट ओल अडवून धरते. मग क्षार फुटतात, गिलावा फुगतो आणि मागची वीट भुगा होऊन गळू लागते. कळीचा चुना विरवून किमान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरवावा, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिसळून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळावा आणि पातळ थरांत लावावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कठीण होतो, म्हणून प्रत्येक थर ओलसर राखत पुरेसा वेळ द्यावा लागतो. हे काम पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये सुरू करावे. भेंड्यांच्या भिंतीवर मातीचाच गिलावा द्यावा आणि वर चुन्याचा हात फिरवावा.

वायरिंगसाठी या भिंतींत खाचा पाडू नयेत. तारा धातूच्या नळ्यांतून, कड्यांच्या कडेने उघड्याच न्याव्यात. त्या दिसल्या तरी चालते, आणि बिघाड शोधणे सोपे जाते. इमारत लाकडी असल्याने जुनी तार एकही ठेवू नये आणि विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा ब्रेकर बसवावाच. स्वच्छतागृहे मागच्या बाजूला, लाकडी सांगाड्यापासून अलग बांधावीत.

चौक मोकळा ठेवावा. बैठकीची खोली वाढवण्यासाठी त्यावर पारदर्शक पत्रा टाकण्याचा मोह होतो, पण वाड्यातली गरम हवा त्याच वाटेने वर निघून जाते आणि माजघरापर्यंत उजेड पोचतो, तोही तिथूनच. ओसरीवर, खांबांच्या मधल्या खणांत, जमिनीला न ठोकलेली टेबले मांडली तर बसायला पुरेशी जागा मिळते.

कौले उतरवून, वासे तपासून छप्पर पुन्हा शाकारले की घाई करू नये. एक पूर्ण पावसाळा त्याखाली काढावा, गळणाऱ्या जागा खडूने खुणावून दुरुस्त कराव्यात, आणि फर्निचर त्यानंतरच आणावे.