अंगणातले रॉबिन, खसखशीएवढी गोचीड आणि लाइम: फीडर न काढता काय करायचं

न्यू जर्सीत मे लागला की आमच्याकडे सांगलीहून सासूबाई येतात आणि मागच्या मेपलवर रॉबिनची घरटी होतात. सासूबाईंचा अख्खा दिवस अंगणात, पक्ष्यांना दाणे घालण्यात जातो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यामागे जांभळट चट्टा उठला, एका क्लिनिकमध्ये दाखवला तर कुठेतरी मार लागला असेल म्हणून परत पाठवलं, आणि पाच आठवड्यांनी ताप, सांधे धरलेले, तोंडाची एक बाजू वाकडी. तेव्हा कुठे कळलं की हे लाइम, गोचीड चावून होणारा जंतूंचा आजार. अँटिबायोटिक्सने बऱ्या झाल्या, पण ते दिवस मी विसरणार नाही.

मग शेजारी म्हणाले फीडर (पक्ष्यांच्या दाण्यांचं टांगतं भांडं) काढून टाका, पक्षीच गोचिड्या आणतात. हे अर्धं खरं आहे आणि ते नीट समजलं तर फीडर काढावा लागत नाही.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून डोक्यात पडत नाही. पाचोळ्यात किंवा गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसते आणि जो घासून जाईल त्याला चिकटते. इथली लाइमवाली म्हणजे डिअर टिक, तिचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं, अळी, मग निम्फ (अर्धवट वाढलेली), मग पूर्ण वाढलेली, आणि प्रत्येक टप्प्यात ती एकदाच पोटभर रक्त पिते. अंड्यातून निघालेल्या अळीत लाइमचा जंतू नसतो, तो तिला पहिल्या जेवणात मिळतो, बहुतेक वेळा पांढऱ्या पायांच्या उंदराकडून, पण जमिनीवर टिपणाऱ्या काही पक्ष्यांकडूनही. रॉबिनच्या अंगातून जंतू गोचिडीत जातो, कॅटबर्डच्या अंगावर गोचिड्या असल्या तरी त्याच्याकडून फारसा जात नाही, त्यामुळे सगळे पक्षी एकाच माळेचे मणी समजू नका.

पक्ष्यांचं मोठं काम म्हणजे लांब पोचवणं. डोळ्यांभोवती, चोचीच्या मुळाशी, जिथे त्यांची स्वतःची चोच पोचत नाही तिथे गोचीड तीन-चार दिवस चिकटून असते आणि तेवढ्यात पक्षी शेकडो किलोमीटर गेलेला असतो. कॅनडातल्या संशोधकांनी २००८ मध्ये अंदाज मांडला की दर वसंतात स्थलांतरित पक्ष्यांबरोबर ५ कोटी ते साडेसतरा कोटी गोचिड्या तिथे पोचतात! आपल्याकडेही हा प्रश्न जुनाच आहे, १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडताप, तोही गोचिडीतूनच पसरणारा, आला (दोडामार्गच्या लोकांना तो वेगळा सांगायला नको), तेव्हा पक्ष्यांनी हा सायबेरियातून आणला का हे बघायला बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या पुढाकाराने १९५९ पासून पक्षी पकडून त्यांच्या पायात ओळखीची कडी घालायला आणि त्यांच्या गोचिड्या गोळा करायला सुरुवात केली.

आता महत्त्वाचं. पक्ष्याला चिकटलेली गोचीड त्याला सोडून तुमच्याकडे येत नाही. पोट भरलं की ती खाली गळते, पाचोळ्यात कात टाकते आणि पुढच्या टप्प्यात, बऱ्याचदा पुढच्या वर्षी, माणसाला चावते. म्हणून बघायचं फीडरकडे नाही, फीडरखालच्या जमिनीकडे.

फीडर खांबावर लावा, उघड्या उन्हाच्या लॉनवर, झाडीची कड, दगडी भिंत, लाकडांचा ढीग आणि मुलांचा झोपाळा या सगळ्यांपासून लांब. गोचिडीला ओलावा लागतो, उन्हात ती सुकून मरते. सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया घाला म्हणजे टरफलं पडत नाहीत, खाली ट्रे लावा, आणि सांडलेलं रोज संध्याकाळी झाडून घ्या कारण रात्री त्यावर उंदीर येतात आणि खरा धोका उंदरांचा आहे. सासूबाईंची सवय मूठभर बाजरी-तांदूळ जमिनीवर उधळायची, ती एक सवय तेवढी आम्ही प्रेमाने बंद केली. उन्हाळ्यात पक्ष्यांना बाहेर भरपूर खायला असतं, तेव्हा नुसतं पाणी ठेवलं तरी चालतं. लॉन आणि झाडीच्या मध्ये तीन फुटांचा लाकडी चिप्सचा पट्टा टाका. दिवाळीच्या सुमारास पानं गळतात तेव्हा ती कोपऱ्यात रचून ठेवू नका, त्याच दिवसांत पूर्ण वाढलेल्या गोचिड्या बाहेर असतात.

पिल्लू खाली पडलं आणि त्याच्या डोळ्याशी गोचीड दिसली तर स्वतः उपटू नका, मुलांना हात लावू देऊ नका, ग्लोव्हज घालून बॉक्समध्ये ठेवा आणि लायसन्स असलेल्या वाइल्डलाइफ रिहॅबवाल्यांना (जखमी रानपक्षी-प्राणी सांभाळणाऱ्यांना) फोन करा. रानपक्षी घरी पाळणं इथे कायद्यात बसत नाही.

मे ते जुलै सगळ्यात जपायचं. तेव्हा निम्फ असतात, खसखशीच्या दाण्याएवढ्या, मोठी तिळाएवढी. अंगणातून आलं की कपडे आधी ड्रायरमध्ये हाय हीटवर दहा मिनिटं, कपडे ओले असतील तर जास्त, धुणं नंतर. मग दोन तासांत आंघोळ, आणि अंग डोळ्यांनीच नाही तर बोटांनी तपासायचं, भांग, कानामागे, काख, बेंबी, गुडघ्यामागे आणि परकराचा नाडा बसतो तिथे. आईवडिलांना लाज वाटते, तेव्हा हे काम कोण करणार ते पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

सापडली तर टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा, पिळू नका, रॉकेल, व्हॅसलीन, काडीचा चटका यातलं काही नको, त्यात वेळ जातो आणि वेळच महत्त्वाचा, कारण जंतू अंगात जायला साधारणपणे चोवीस तासांहून जास्त लागतात. झिपलॉकमध्ये ठेवून तारीख लिहा आणि डॉक्टरला फोन करा, गोचीड दीड दिवस किंवा जास्त चिकटलेली होती असं वाटलं तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा एकच डोस देता येतो का ते विचारा.

चट्टा ३ ते ३० दिवसांत उठतो, सगळ्यांना उठतोच असं नाही. फोटोत दिसणारं लालभडक चक्र बहुतेक गोऱ्या कातडीवरचं असतं. आपल्या सावळ्या अंगावर तो जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो, आणि तिथेच आमची चूक झाली. चट्ट्याची कड पेनाने आखा, रोज उजेडात फोटो काढा, वाढत असेल तर डॉक्टरला ठामपणे सांगा की आमच्या अंगणात गोचिड्या आहेत. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ताची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावर घरी परतू नका.

आणि आईबाबा भारतात परतणार असतील तर त्यांच्या फाइलमध्ये एक कागद घाला: न्यू जर्सीत कधीपासून कधीपर्यंत होते, गोचीड चावली का, कधी. नंतर ताप आला, सांधे धरले किंवा तोंड वाकडं झालं तर सांगलीच्या डॉक्टरच्या डोक्यात लाइम पटकन येणार नाही, तो कागद आधी दाखवायचा.