मालदीवला शिकवायला जाताना: फक्त जाण्याचं तिकीट

निघायच्या आदल्या दिवशी आजीने तिकिटाचा कागद उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "अगो, आणि परत येवचा तिकीट खंय हा?" मी हसण्यावारी नेलं. मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलाने नेमका तोच प्रश्न केला, तेव्हा घाम फुटला.

मालदीवमध्ये भारतीयांना उतरल्यावर पर्यटक व्हिसा मिळतो आणि त्यासाठी परतीचं तिकीट बघतात. नोकरीला जाणाऱ्याकडे ते नसतं. त्याऐवजी शाळेने आधीच काढून पाठवलेलं वर्क परमिटचं मंजुरीपत्र दाखवायचं. तिकडे प्रवेश नाकारला तर प्रवाशाला परत आणणं विमान कंपनीच्या गळ्यात पडतं, म्हणून ते इथेच अडवतात. माझं पत्र ईमेलमध्ये होतं, आणि कुडाळहून रात्रभर कोकणकन्येत आल्यावर फोनची बॅटरी उरली होती चार टक्के. कसंबसं निभावलं. तुम्ही त्या पत्राच्या दोन प्रिंट काढा आणि हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. 'इमुगा' नावाचा प्रवासी फॉर्म उड्डाणाच्या आधीच्या 96 तासांत ऑनलाइन भरायचा असतो. तो फुकट आहे, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मी बी.एस्सी. बी.एड., विषय गणित. मालवण तालुक्यात तासिकेवर तीन वर्षं काढली. 'पवित्र' या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवर नाव लागायची वाट बघत होते. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन 2023 पासून 18,000 झालंय, पण ते मिळायला आधी यादीत नाव यावं लागतं! असो, ते रडगाणं तुम्हाला माहीत आहे.

एजंटाबद्दल थोडं. सरकारी नोंदणी असलेल्या एजंटाला 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते. माझ्याकडे आधी दुप्पट मागितले होते. पावती द्या म्हटल्यावर आवाज खाली आला. पण माझी खरी फसगत झाली ती पगाराच्या आकड्यात. त्याने पगार भारतीय रुपयांत करून सांगितला आणि मी तोच आकडा घरी सांगितला. पगार मिळतो रुफियात, म्हणजे मालदीवच्या चलनात. डॉलरचा अधिकृत भाव साधारण 15.42 रुफिया, पण त्या भावाने हवे तेवढे डॉलर मिळत नाहीत. बँक महिन्याला ठरावीकच डॉलर पाठवू देते आणि बाहेर घ्यायला गेलात तर भाव चढा. म्हणजे एजंटाचा हिशोब कागदावर बरोबर, घरी पोचणारी रक्कम मात्र कमी. पगार कुठल्या चलनात आणि महिन्याला घरी नेमके किती पाठवता येतात, हे तिथे आधीपासून असलेल्या शिक्षकाला विचारा.

करारात मी सुट्ट्यांचं पान तीनदा वाचलं आणि परतीच्या भाड्याची ओळ वाचलीच नाही. ती अशी होती: करार पुरा केला तर परतीचं तिकीट शाळा देईल, प्रोबेशनमध्ये सोडलं तर स्वतःचं स्वतः. माझ्यासोबत उतरलेली एक केरळची मुलगी दोन महिन्यांत आजारी पडली. तिच्या तिकिटासाठी आम्ही चौघींनी वर्गणी काढली. त्या रात्री मी भावाला फोन करून सांगितलं, माझ्या परतीच्या तिकिटासाठी आईच्या खात्यात 25,000 टाकून ठेव, आणि पत्र्याची दुरुस्ती निघाली तरी त्याला हात लावू नको. खरं तर हे निघायच्या आधी करायला हवं होतं, कारण व्हिसा, मेडिकल, बँक खातं हे सगळं होऊन पहिला पगार हातात पडायलाच दोन महिने गेले.

आजीने दिलेला पितळी गणपती विमानतळावरूनच भावाच्या हाती परत पाठवला. पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये नेता येत नाहीत, कस्टमच्या यादीत दारू आणि डुकराच्या मांसाबरोबर त्यांचंही नाव आहे. चतुर्थीला घरची आरती फोनवर ऐकली. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, तेवढा हिशोब ठेवायचा. सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, त्यामुळे रविवारी सकाळी गावाकडचे सगळे लोळत असतात आणि आपण फळ्यासमोर.

"आम्हाला समुद्राची सवय आहे," असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. जुलैच्या लाटांत स्पीडबोटीवर तासाभरात ओकले. शेजारच्या म्हाताऱ्याने न बोलता पिशवी पुढे केली.

शाळेत शिकवायचं इंग्रजीतून, पण मुलं आपापसात 'दिवेही' ही तिथली भाषा बोलतात. लिपी उजवीकडून डावीकडे, एक अक्षर लागत नाही. पहिल्या आठवड्यात मागच्या बाकावरची पोरं बोटांवर मोजत होती: एके, दे, तिने, हतरे, फहे. मी खडू हातात धरून तशीच उभी. मग मी आपलं एक, दोन, तीन म्हणून दाखवलं, तर वर्गाला हसू आवरेना. त्या दिवसापासून आठवीचा वर्ग माझा झाला. ('अटोल', म्हणजे प्रवाळबेटांचं कडं, हा शब्दही त्यांचाच, तिथून इंग्रजीत गेला.)

बेटावर कुत्रं नाही. रात्री काही भुंकत नाही, याची सवय व्हायला मला महिना लागला.

जेवणाची काळजी करू नका. सकाळी मसहुनी, म्हणजे कुस्करलेला टूना, खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी नावाची चपातीच. आपल्या माणसाला पहिल्या घासाला आवडतं. रोज टूना म्हटल्यावर बांगड्याची आठवण येणारच, त्याला इलाज नाही. कोकमं न्या, दोन किलो तरी. माझी अर्धा किलो नोव्हेंबरमध्ये संपली. आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली मात्र नेऊ नका. माझी बॅगेत फुटली, आणि दोन कुर्त्यांवरचे डाग अजून गेलेले नाहीत.