पॉवर प्रेसची डाय झटपट कशी बदलावी

आधी एका डाय-बदलाचा (डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा) मोबाइलवर व्हिडिओ घ्या: जुन्या लॉटच्या शेवटच्या नगापासून नव्या लॉटच्या पहिल्या चांगल्या नगापर्यंत. तो ऑपरेटरसोबत बसूनच पाहा. चुका काढायला नव्हे, वाया गेलेली मिनिटं मोजायला. बराच वेळ पाने शोधण्यात आणि क्रेनची वाट पाहण्यात जातो. ही तयारी प्रेस चालू असतानाच उरका: डाय, बोल्ट, पाने ट्रॉलीवर हजर हवेत. मग डायना समांतर प्लेट लावून शट हाइट, म्हणजे बंद डायची उंची, एकच करा; मग रॅमची (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाची) सेटिंग हलवावी लागत नाही. इथे कंजुषी केली की वेळ पुन्हा ट्रायलमध्येच जातो. घाईतही सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ नये म्हणूनचा ठोकळा) लावल्याशिवाय डायमध्ये हात नको. जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांच्या मार्गदर्शनाखाली टोयोटात 1000 टनी प्रेसचा 4 तासांचा बदल 3 मिनिटांवर आला. वाचलेल्या वेळात डाय जास्त वेळा बदला आणि लॉट लहान करा. नुसतं उत्पादन वाढवलं तर गोदामच भरेल.