सागावर अळी पडली? या चुका टाळा

पावसाळा लागून काही दिवस झाले की बांधावरचा साग आठवडाभरात बोडका होतो आणि घरात कुणीतरी म्हणतंच, "झाड वाळलं, तोडून टाकू." असं करू नका. पानं गेली म्हणून साग मरत नाही. कोवळ्या फांदीची साल नखाने खरवडा, आत हिरवी ओल दिसेल. काही आठवड्यांत पुन्हा पालवी फुटते.

दुसरी चूक म्हणजे अळी न ओळखता फवारणीचा पंप पाठीवर घेणं. सागावर दोन निराळ्या पतंगांच्या अळ्या येतात. एक पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळी पानं खाते आणि जाड शिरा तेवढ्या ठेवते. पानाची कड कुरतडून, ती दुमडून, रेशमाने शिवून ती आत दडून बसते. त्यामुळे वरवर पाहून अळी सापडत नाही, दुमड उलगडावी लागते. झाडाखाली उभं राहिलात तर लेंड्या भुरभुर पडताना ऐकू येतात. दुसरी अळी पावसाळा सरताना येते आणि जून पानांची जाळी करते. चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल तेव्हा करपल्यासारखं दिसतं, पण झाडाची त्या वर्षीची वाढ तोवर बहुतेक झालेली असते. तिच्यासाठी औषधावर पैसे घालू नका.

खरं नुकसान पहिलीचं. केरळात निलंबूरच्या कोवळ्या लागवडीत केरळ वन संशोधन संस्थेने मोजमाप केलं, तेव्हा या अळीमुळे लाकडाची ४४ टक्के वाढ बुडत असल्याचं दिसलं. शेंडा खाल्ला गेला तर रोप दुफाटं होतं. अशा वेळी सरळ फूट ठेवा, दुसरी लहान असतानाच काढा.

फवारणीची वेळही चुकते. अंड्यातून निघालेली अळी साधारण दोन आठवड्यांत पालापाचोळ्यात उतरून कोष करते. झाड बोडकं झाल्यावर मारलेलं औषध अळीला लागत नाही, कोतवाल पक्षी आणि मधमाशा मात्र मरतात.

अळ्या मलूल होऊन पानांना लटकलेल्या दिसल्या तर त्या झाडांवर औषध मारूच नका. बहुधा त्यांना विषाणू लागलेला असतो, आणि तोच बाकीच्या अळ्यांत पसरतो. केरळच्या त्याच संस्थेने हा विषाणू फवारणीसाठी वापरून पाहिला आहे.