प्लास्टिकच्या कचऱ्यापासून वस्तू बनवताय? या चुका टाळा

आमचा पहिला पत्रा दिसायला झकास झाला होता. निळा-पांढरा-लाल, संगमरवरासारखा. कापायला घेतला तर खारीसारखे पापुद्रे सुटायला लागले.

आम्ही बाटल्यांची झाकणं ग्राइंडरमध्ये बारीक करून, तापवून, प्रेसखाली दाबून पत्रे करतो. त्यातून कोस्टर, स्टुलाचे पाट वगैरे निघतात. आमची चूक एवढीच, की आम्ही भंगारवाल्याकडून ‘झाकणं’ आणली. झाकण हा आकार झाला, माल नव्हे. पाण्याच्या बाटलीचं झाकण बहुतेक वेळा एचडीचं (एचडीपीई, म्हणजे टणक पॉलिथिन) असतं, शाम्पू-सॉसचं पीपीचं (पॉलिप्रोपिलीन). एचडी साधारण 130 अंशांना वितळतं, पीपीला 160च्या आसपास लागतं. आणि दोन्ही वितळली तरी एकमेकांत मुरत नाहीत, नुसती शेजारी बसतात.

मग बादलीची परीक्षा ऐकली: पाण्यात टाका, तरंगेल ते वेगळं. परीक्षा खरी आहे, पण अर्धी. पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी (पाइपांचं) बुडतात; एचडी, एलडी (पातळ पिशव्यांचं मऊ पॉलिथिन), पीपी तिन्ही तरंगतात. म्हणजे आमचं भांडण बादलीत सुटतच नाही. ते हातानेच सोडवावं लागतं. त्रिकोणातला आकडा पाहा, 2 म्हणजे एचडी, 5 म्हणजे पीपी. आकडा नसेल तर झाकणाची बिजागरी बघा. टकटक उघडणारं, पातळ बिजागरीचं झाकण पीपीचंच समजा, इतकी उघडझाप तेच सोसतं. एचडी मेणचट लागतं, त्यावर नख उमटतं. आमच्याकडे निवडणाऱ्या मावशी आता न बघता, बोटांनीच ओळखतात.

बादली तरीही सोडू नका. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, नाहीतर बुडबुडे चिकटून बुडणारा तुकडाही तरंगत राहतो. तळाशी जे जाईल ते झाकणांच्या पत्र्यात नकोच. त्यात पीव्हीसी असलं तर तापल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते; घसा धरतो, मोल्ड गंजतो.

पत्र्याला भोकं पडतात? चुरा ओला आहे. पावसाळ्यात वरून कोरडा दिसतो, पोत्याच्या तळाशी हात घालून बघा.

पत्रा पापडासारखा वळतो? घाईने बाहेर काढलात. एचडी थंड होताना बरंच आकसतं, म्हणून दाब न काढता तसंच निवू द्या. प्रेस अडकून बसतो, दिवसाला पत्रे कमी निघतात, हे खरं. पण वळलेला पत्रा पुन्हा ग्राइंडरमध्येच जातो.

बिस्किट-वेफर्सची चकचकीत पाकिटं फुकट मिळतात म्हणून गोळा करू नका. त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि बऱ्याचदा अॅल्युमिनियमचे थर असतात, त्यांचा पुन्हा वितळवता येईल असा धड दाणा होत नाही. ती पट्ट्या कापून मागावर विणणाऱ्यांच्या कामाची.

हिशेबात सगळ्यात मोठा फटका वजनाचा. शंभर किलोचे पैसे द्यायचे आणि लेबल, माती, पाणी, चुकीची झाकणं काढल्यावर हातात किती राहतं ते मोजायचंच नाही! एक पोतं घ्या, निवडून, धुवून, वाळवून पुन्हा काट्यावर ठेवा. तोच तुमचा खरा खरेदीभाव.

पिशव्या बनवायचा विचार असेल तर इथेच थांबा. महाराष्ट्रात 23 मार्च 2018च्या अधिसूचनेपासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. ताटं, पेले, स्ट्रॉ यांसारख्या एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर 1 जुलै 2022पासून देशभर आहे. खाण्याचे डबेही या मालातून नकोत, आधी त्यात काय होतं कुणाला ठाऊक? आणि मशीनचा आगाऊ देण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचं बघा. गाळा भाड्याने घेऊन, वीज जोडून मग कागद शोधणारे बरेच पाहिलेत. आम्हीही त्यातलेच. चार महिने भाडं भरलं, प्रेसवर मांजर झोपायचं.