नामांकित विज्ञानकथांवर लेखकमित्रांबरोबर चर्चा कशी करावी

विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीच्या ह्यूगो किंवा नेब्युला पुरस्कारांची अंतिम यादी जाहीर झाली की लिहिणाऱ्यांच्या गटात पहिला प्रश्न हमखास येतो, "ही कथा यादीत आलीच कशी?" या प्रश्नावर तासभर बोलता येतं आणि तासाभरानंतर कुणाच्याच वहीत काही उतरलेलं नसतं. लिहिणाऱ्या माणसाच्या कामाचा प्रश्न वेगळा आहे. ही कथा बांधली कशी? कुठल्या वाक्याशी आपण तिच्या जगात शिरलो, आणि कुठे आपला हात सुटला? चर्चा या प्रश्नाला धरून राहावी म्हणून काय काय करता येतं, ते इथे क्रमानं सांगतो.

१. एकच विभाग, एकच वर्ष घ्या

ह्यूगो आणि नेब्युला या दोन्ही पुरस्कारांत लघुकथा म्हणजे ७,५०० शब्दांच्या आतली कथा. त्यापुढे १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट आणि ४०,००० पर्यंत नॉव्हेला. सुरुवात लघुकथेपासूनच करा. ह्यूगोच्या अंतिम यादीत साधारणपणे सहा कथा असतात आणि नोकरी-घर सांभाळून सहा कथा नीट वाचणं कुणालाही जमतं. नॉव्हेला घेतल्या की निम्मे लोक न वाचता येतात, आणि न वाचलेल्या माणसाचं मत सगळ्यात लांबलचक असतं.

मी इथे २०२५ च्या ह्यूगोची लघुकथांची यादी उदाहरणाला घेतो. सहापैकी तीन कथा 'अनकॅनी' मासिकातल्या होत्या, दोन 'लाइटस्पीड'मधल्या आणि एक 'क्लार्क्सवर्ल्ड'मधली. तिन्ही मासिकं आपल्या कथा संकेतस्थळावर मोफत वाचायला देतात, त्यामुळे पुस्तक मागवायची गरज नाही. गटात मजकुराच्या फाइली फिरवू नका, दुवे पाठवा. ही मासिकं वर्गणीदारांच्या जिवावर चालतात. परवडत असेल तर गटानं मिळून एखाद्या मासिकाची वर्गणी जरूर भरावी.

२. यादी कुणी केली ते आधी समजून घ्या

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं की पुढचा सगळा वाद भलत्याच पायावर उभा राहतो. ह्यूगोची मतं जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद देतात, म्हणजे फी भरून सभासद झालेले वाचक, लेखक, चित्रकार, सगळेच. नेब्युलाची मतं विज्ञानकथा आणि फँटसी लिहिणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटनेचे सभासद देतात. वर्ल्ड फँटसी पुरस्काराचा निकाल परीक्षक मंडळ ठरवतं. म्हणजे 'पुरस्कारवाल्यांना हेच आवडतं' असं एक वाक्य बोलून मोकळं होता येत नाही. २०२५ मध्येच याचा उत्तम नमुना मिळाला. लेखकांनी नेब्युला दिला इसाबेल जे. किम यांच्या 'व्हाय डोन्ट वी जस्ट किल द किड इन द ओमेलास होल' या कथेला, आणि संमेलनाच्या सभासदांनी ह्यूगो दिला न्घी व्हो यांच्या 'स्टिच्ड टू स्किन लाइक फॅमिली इज' या कथेला. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचा. लिहिणाऱ्यांना एका कथेत काय दिसलं आणि व्यापक वाचकवर्गाला दुसरीत काय भिडलं, एवढ्या एका प्रश्नावर एक संध्याकाळ सहज जाते.

३. पहिली भेट: नाव न सांगता पहिले परिच्छेद

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की जगताप म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखितही पत्नीच्या, मंगलाताईंच्या अक्षरात पाठवलं होतं. नावाचा वाचनावर किती दाब असतो हे त्यांनी इतकं नेमकं ओळखलं होतं.

छापून आलेल्या, नामांकन मिळालेल्या कथेचं नाव फार काळ लपत नाही. पण एक गोष्ट करता येते. यादी पाठवण्याच्या आधी एक छोटी भेट ठेवा. एकानं सहाही कथांचे पहिले परिच्छेद, लेखक किंवा मासिक न सांगता, मोठ्यानं वाचावेत. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहावं: पुढे वाचावंसं कुठली कथा वाटते आणि कुठल्या शब्दाशी तसं वाटलं. चिठ्ठ्या जपून ठेवा. पूर्ण कथा वाचून झाल्यावर त्या पुन्हा उघडल्या की सुरुवातीनं दिलेलं वचन कथेनं पाळलं की नाही, हे तपासायला त्याहून चांगलं साधन नाही.

४. दोनदा वाचा

पहिल्यांदा पेन्सिल न घेता, एका बैठकीत, साध्या वाचकासारखं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि तेव्हा फक्त तीन खुणा करा: इथे मला या जगाचा नियम कळला, इथे माझं लक्ष उडालं, इथे मी थांबलो. बाकी शेरे नकोत. मत सगळे घेऊन येतात, जागा दाखवणारे थोडे असतात, आणि लेखकाला उपयोग जागेचा होतो.

इंग्रजी सावकाश वाचणारे सभासद असतील तर तीन आठवडे आधी यादी द्या. 'क्लार्क्सवर्ल्ड' आपल्या कथांचं ध्वनिमुद्रणही देतं. प्रवासात ऐकून मग डोळ्यांनी वाचलं तरी चालतं. चर्चा खुशाल मराठीत करा, पण ज्या वाक्याबद्दल बोलायचं ते मूळ इंग्रजीत मोठ्यानं वाचून दाखवा. गोषवाऱ्यावर वाद घालू नका.

५. बसायची पद्धत

पाच ते सात माणसं, एका भेटीत दोनच कथा. प्रत्येकानं पाळीपाळीनं तीन मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही, आणि एक फेरी पूर्ण झाल्यावरच मोकळी चर्चा. ही पद्धत विज्ञानकथा लेखकांचीच आहे. १९५६ मध्ये डेमन नाइट, जुडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश यांनी पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी लेखकांची परिषद सुरू केली. तिथे सगळे गोल बसत, एकेक जण बोले, आणि ज्याची कथा आहे तो आपली पाळी येईपर्यंत गप्प राही. पुढे १९६८ मध्ये सुरू झालेल्या क्लॅरियन कार्यशाळेनं हीच रीत घेतली आणि अनेक नामवंत लेखक तिच्यातून तयार झाले. नेब्युलाची मतं देणारी ती लेखकसंघटनाही १९६५ मध्ये नाइट यांनीच उभी केली, त्यामुळे या पद्धतीचं आणि या पुरस्काराचं नातं जुनं आहे.

नामांकित कथेच्या चर्चेत लेखिका समोर नसते. म्हणूनच पाळीची शिस्त जास्त लागते, कारण समोर कुणी दुखावणारं नाही म्हटल्यावर जीभ सैल सुटते. लेखिका दाराबाहेर उभी राहून ऐकते आहे असं समजून बोला. आणि चर्चेतले टीकेचे तुकडे समाजमाध्यमांवर तिला टॅग करून कधीही टाकू नका.

फेरीची सुरुवात गटातल्या सगळ्यात नव्या सभासदापासून करा. जाणकार आधी बोलला की बाकीचे त्याच्या मताभोवती फिरत राहतात.

६. काय विचारायचं

चर्चेचा खरा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

विज्ञानकथेत किंवा अद्भुतकथेत वाचकाला आधी जगाचा नियम कळावा लागतो. तो नियम कसा कळवला, हे पहिलं पाहा. व्हो यांच्या कथेतल्या शिवणकाम करणाऱ्या नायिकेला कपड्यांतून ते घालणाऱ्या माणसांच्या आठवणी कळतात, आणि ती हरवलेल्या भावाच्या शोधात निघते. प्रत्येकाला विचारा: ही शक्ती तुम्हाला कुठल्या ओळीत कळली? उत्तरं वेगवेगळी येतील. कुणी फार आधी ओळखलेलं असेल, कुणाला दुसऱ्या वाचनात उमगलं असेल. त्या ओळी एकाखाली एक लिहून काढल्या की लेखिका माहिती कशी झिरपवत गेली याचा नकाशाच हातात येतो. आपल्या मराठी विज्ञानकथेत पात्रं एकमेकांना व्याख्यान देत नियम समजावतात ही जुनी खोड आहे. ती मोडायची असेल तर हा अभ्यास करायलाच हवा.

दुसरा प्रश्न: अद्भुत घटक काढून घेतला तर कथा उभी राहते का? राहत असेल तर तो घटक सजावटीपुरता आहे. हा प्रश्न सहाही कथांना विचारा, मात्र उत्तर 'हो' आलं म्हणून कथा लगेच बाद करू नका. सजावटीचंही कधी काम असतं, ते कुठलं हे बोला.

तिसरा प्रश्न कथेच्या आकाराचा, आणि या यादीत तो फार रंगतो. कॅरोलाइन एम. योआकिम यांच्या 'वी विल टीच यू हाउ टू रीड' या कथेत मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत चालतो आणि एकाच वेळी दोन्ही वाचायला सांगतो. शीर्षकसुद्धा मध्ये उभी रेघ देऊन दोनदा छापलेलं आहे. ही कथा मोबाइलवर वाचू नका, मोठा पडदा घ्या. भेटीत दोघांनी दोन रकाने एकाच वेळी मोठ्यानं वाचून पाहा. आधी गोंधळ होईल, मग कान कुठला आवाज धरतो आणि कुठला सोडतो ते कळू लागेल. कथा वाचकाकडून काय मागते आहे हे दहा मिनिटांच्या विश्लेषणापेक्षा अशा वाचनातून लवकर समजतं. रेचल के. जोन्स यांची 'फाइव्ह व्ह्यूज ऑफ द प्लॅनेट टार्टारस' याच्या दुसऱ्या टोकाला आहे, अगदी काही मिनिटांत संपणारी. तिच्यासाठी एकच प्रश्न पुरे: यातलं कुठलं वाक्य काढता येईल?

किम यांची कथा मात्र वेगळी तयारी मागते. १९७३ मध्ये उर्सुला के. ले ग्विन यांनी ओमेलास या शहराची कथा लिहिली. या शहराचं सगळं सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या यातनांवर उभं आहे. त्या कथेला १९७४ चा ह्यूगो मिळाला आणि तेव्हापासून लेखक तिला उत्तरं देत आले आहेत. किम यांच्या कथेत पहिल्याच वाक्यात ते मूल मारलं जातं. आता प्रश्न असा, की ले ग्विन न वाचलेल्या वाचकासाठी ही कथा पुरी आहे का? याचं उत्तर अंदाजानं देऊ नका. गटातल्या एकाला मुद्दाम ले ग्विन यांची कथा न वाचता यायला सांगा, आणि पहिलं बोलणं त्याला द्या. मग त्यानं मूळ कथा वाचून पुढच्या भेटीत पुन्हा बोलावं. जुन्या कथेला उत्तर देणारी कथा लिहायची कुणाच्या मनात असेल, तर त्याला या दोन साक्षींतून मिळेल तेवढं कुठल्याच पुस्तकातून मिळणार नाही.

७. "मी असतो तर" कधी म्हणायचं

लेखकांच्या चर्चेत हे वाक्य येणारच. त्याला एक अट घाला. आधी सांगायचं, लेखिका इथे काय साधू पाहत होती. ते गटाला पटलं, तरच आपली सुधारणा मांडायची. पुष्कळदा पहिला भाग सांगतानाच सुधारणा गळून पडते, कारण आपण वेगळीच कथा लिहू पाहत होतो हे ध्यानात येतं.

आणखी एक गोष्ट उघड बोललेली बरी. ज्याची कथा त्याच मासिकाकडून परत आलेली आहे, त्याला तिथली नामांकित कथा वाचताना बोचतं. ते स्वाभाविक आहे. त्यानं आपल्या फेरीच्या सुरुवातीला तसं सांगून टाकावं, इतरांनी ऐकून घ्यावं, आणि मग कथेकडे वळावं.

८. मतदान करा, दोनदा

ह्यूगोत मत देताना एकच नाव निवडत नाहीत, पसंतीक्रम लावतात. यादीत 'कुणालाच पुरस्कार नको' हाही एक पर्याय असतो आणि त्यालाही क्रमांक देता येतो. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर सगळ्यात कमी मतं मिळालेली कथा बाद होते आणि तिची मतं त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे जातात. असं करत एक कथा उरते.

तुमच्या गटातही हेच करा. सहाही कथा वाचून झाल्या पण चर्चा सुरू व्हायची आहे, तेव्हा गुप्त क्रम लिहून घ्या. चर्चा संपल्यावर पुन्हा घ्या. जिंकलं कोण याला फार महत्त्व देऊ नका. ज्याचा क्रम बदलला त्याला विचारा, कुणाच्या कुठल्या बोलण्यानं बदलला? आणि ज्यानं 'पुरस्कार नको'च्या खाली एखादी कथा टाकली, त्यानं तिच्यातलं एक तरी चांगलं वाक्य वाचून दाखवायचं.

९. निकालानंतर

पुरस्कार सोहळ्यानंतर ह्यूगोचे आयोजक मतांचे तपशील जाहीर करतात: कुठल्या फेरीत कोण बाद झालं, कुणाची मतं कुठे गेली, आणि अंतिम यादीत थोडक्यात न आलेल्या कथा कुठल्या. आपल्या गटाची मोजणी त्याशेजारी ठेवून एकदा पाहा. मग त्या थोडक्यात हुकलेल्या नावांतून दोन कथा उचला, दुवे पाठवा आणि पुढच्या भेटीची तारीख लगेच ठरवून टाका. या कथांवर फारसं कुणी बोललेलं नसतं, त्यामुळे गटाला पहिल्यांदाच कुणाच्याही निकालाचा आधार न घेता वाचावं लागतं.